दोन रेघांनंतर

बाईला दिवस गेले आहेत की नाही, हे पूर्वी चुकलेल्या पाळीवरून आणि कोरड्या ओकाऱ्यांवरून ठरे. पण पाळी अशक्तपणाने वा काळजीनेही लांबते. 1928 मध्ये आशहाइम आणि झोंडेक या जर्मन संशोधकांनी स्त्रीची लघवी उंदराच्या मादीला टोचून गर्भनिदान करण्याची रीत मांडली. उत्तराला काही दिवस लागत. आज दोंडाईच्याच्या आसपासच्या खेड्यांत आशाताईंच्या ‘निश्चय’ किटवर ते काही मिनिटांत मिळते.

गर्भ रुजला की एचसीजी हे संप्रेरक आधी रक्तात, मग लघवीत उतरते. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत सुमारे दुप्पट होते. म्हणून घाईच्या चाचणीत एकच रेघ दिसली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीची पुन्हा चाचणी करावी.

मात्र पट्टी संप्रेरक ओळखते, गर्भाची जागा नव्हे. गर्भ गर्भनलिकेत रुजला तरी रेघा दोनच उमटतात. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावरून रक्त, भोवळ यांपैकी काहीही झाले तर उपजिल्हा रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये.

गर्भ जागेवर आहे का, हे सोनोग्राफी सांगते. शेवटच्या पाळीपासून मोजता सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे ठोकेही दिसतात. हे आठवडे मोजायला पाळीची तारीख लागते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपलेली असावी.