दंडावरचा वण, हातावरची गाठ

चार वर्षांच्या नातवाचे वजन वाढत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी मांटू चाचणी सांगितली. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातावरची गाठ पट्टीने मोजली. १६ मिलिमीटर! सूनबाईंचा चेहरा उतरला. मी घाईने म्हणालो, "डॉक्टर, जन्मल्यावर बीसीजी टोचलीय त्याला. दंडावर वण आहे. त्याचीच गाठ असणार."

माझे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गायीच्या क्षयाचे जंतू दुबळे करून ही लस बनवली. १९२१ मध्ये ती प्रथम माणसाला दिली गेली. लसीतले जंतू आणि खरे क्षयजंतू हे भाऊबंदच. चाचणीत कातडीत टोचतात ते ट्युबरक्युलिन दोघांच्याही ओळखीचे. म्हणून लसीनेही गाठ उठू शकते. (मोजायची ती कडक गाठ, भोवतालची लाली नव्हे.)

"पण आजोबा," डॉक्टर म्हणाले, "जन्मतः दिलेल्या लसीची गाठ बहुधा लहान असते, काही वर्षांत ओसरते. पंधराच्या वर गेली की लसीवर ढकलू नये. घरात कोण खोकतं?"

मी खाली पाहिले. दोन महिने मीच खोकत होतो. 'रंकाळ्यावरचा पहाटेचा गारवा बाधला,' असे सांगून वेळ मारून नेत होतो. धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू होती. घरात क्षय आहे हे बाहेर फुटले तर?

माझ्या बेडक्यात जंतू सापडले. नातवाच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला. गाठ म्हणजे संसर्ग, आजार नव्हे. पण पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचा आजार लवकर होतो, म्हणून त्याला सहा महिने प्रतिबंधक गोळ्या दिल्या. बीसीजी मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून बरेच वाचवते. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही, हे तामिळनाडूतील चेंगलपट्टूच्या १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात दिसून आले.

आता लसीत नसलेली दोनच प्रथिने वापरणारी नवी त्वचाचाचणी आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या चाचणीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती लसीच्या वणाने फसत नाही.

माझा औषधांचा कोर्स पुरा झाला, धाकटीचे लग्नही झाले. वाचकहो, खोकला दोन आठवडे टिकला तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. माझ्या लाजेची किंमत नातवाने मोजली, तुमच्या घरी तसे होऊ नये.