अश्रूंपेक्षा खारट नको

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये आरामात मावेल एवढाच मजकूर. पण जुलाबाने कोमेजलेलं लेकरू या पाण्याने तरतं, आणि ते कसं, हे कळलं की थक्क व्हायला होतं. आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन असतं. ते मिठातल्या सोडियमला आणि साखरेतल्या ग्लुकोजला जोडीनेच आत घेतं. ही जोडी आत शिरली की तिच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. पटकीसारख्या आजारातही हा मार्ग शाबूत राहतो!

आता हा मजकूर फॉरवर्ड होता होता वाटेत ‘अर्धा’ हा शब्द गळाला तर? मीठ दुप्पट, आणि बाळ संकटात. म्हणून शिकवणाऱ्यांनी जगभर एक युक्ती वापरली: पाजण्याआधी चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. सल्ल्यासोबत सल्ला तपासण्याचं मापही घरात पोहोचतं, तेही कुणाकडून मागून न आणता.

आरोग्याचं ज्ञान असं माणसाकडून माणसाकडे नेण्याचा मोठा प्रयोग आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले. त्यांनी भरवसा ठेवला तो गावानेच निवडलेल्या बायकांवर. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन सांगायच्या आणि पुढच्या खेपेला ‘हे कुणी ऐकलं नाही, ते बाळ अजून आजारी आहे’ असा हिशेब घेऊन परतायच्या. सुरुवातीला तिथला बालमृत्यूदर हजारी सुमारे 176 होता. दोन दशकांत तो पन्नासच्याही खाली आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींना व्यायाम शिकवतो तो मोबाइल. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना विचारा: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय गोळाफेक. कुणी श्वासाचं तंत्र रीलवरून उचललेलं असतं, कुणी आहार. यात वाईट काही नाही. आपल्याच वयाचा, आपल्याच बोलीत बोलणारा पोरगा धावून दाखवतो तेव्हा ‘मलाही जमेल’ असं वाटतं, आणि हे बळ डॉक्टरांच्या भाषणात क्वचितच असतं. जामखेडच्या बायकांचं बळही तेच होतं.

फरक परतीच्या खेपेत आहे. रील किती वेळ पाहिली गेली, हे अ‍ॅप मोजतं. पाहणाऱ्याचा गुडघा दुखला का, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून आकडे माप न घेताच फिरतात. रोज दहा हजार पावलं हा आकडाच घ्या. तो एखाद्या संशोधनातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं ते नावच होतं! चालणं चांगलंच, पण तो आकडा तुमच्या शरीराकडे बघून ठरलेला नाही. प्रथिनांचं उलट आहे. भारतीय शिफारस आहे किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. इथे स्वतःचं वजन हेच माप. कसून सराव करणाऱ्याला जास्त लागतं, तरी प्रोटीन पावडरच्या डब्याची जाहिरात सुचवते तितकं सहसा नाही.

धावण्यातही असं एक अंगचं माप आहे, आणि ते रीलमध्ये क्वचितच दिसतं. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं, पण गाणं म्हणता आलं नाही, तर वेग मध्यम. वाक्य तुटायला लागलं की समजा, स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लाला रक्त निष्प्रभ करू पाहतंय आणि त्यातून सुटणारा जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायला फुप्फुसं धावपळ करताहेत. आठवड्यातलं बरंचसं धावणं बोलत बोलत व्हावं. त्या मध्यम वेगात स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात आणि 1600 मीटरच्या शेवटच्या फेरीला लागणारा दम तयार होतो.