अ‍ॅम्बॅसडरचा लहरी सेल्फ

काशीतल्या ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीतील एका काकांची जुनी अ‍ॅम्बॅसडर, जी गल्लीत शिरत नसल्याने मैदागिनला उभी असते, सकाळी निमूट सुरू होई. परंतु वाहतुकीत तापून परतली की सेल्फ केवळ ‘टक्’ करून मौन धरी.

बॅटरी बदला, हा सरसकट हुकूम. वस्तुतः तिचा दाब १२.६ व्होल्ट, म्हणजे यथास्थित होता.

अशा दोषाचा पंचनामा तो हजर असतानाच करावा: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून किल्ली फिरवली असता ०.५ व्होल्टहून अधिक आकडा आला, तर अर्थिंग सदोष समजावे. येथे ३ आला. अर्थच्या पट्टीखाली हिरवट चूर्ण निघाले. तापल्यावर अशा सांध्याचा रोध वाढतो.

आकडा अल्प असता, तर सेल्फचा सोलेनॉइड उघडून पाहिला असता.

आपली गाडी नेमकी केव्हा रुसते, ते अवश्य कळवावे.