घरीं बांधलेलें विमान व डोंगरांतली धावपट्टी

विमान म्हटलें कीं शहरवासी माणसाच्या डोळ्यांपुढें लांबरुंद फरसबंद धावपट्टी, दिव्यांच्या रांगा आणि कारखान्यांतून तपासून आलेलें यंत्र उभें राहतें. अमेरिकेंतील आयडाहो संस्थानांत मात्र यांपैकीं एकहि गोष्ट नसतांना उड्डाण करणारे हौशी लोक आहेत. विमान त्यांनीं स्वतःच्या मोटारखान्यांत बांधलेलें असतें, आणि तें ते उतरवितात नदीकांठच्या एखाद्या कुरणावर. खाणवाले, पशुपालक व वनखातें यांच्या सोईसाठीं एके काळीं तयार झालेल्या या पट्ट्यांपैकीं कित्येक आज संरक्षित अरण्यांत आहेत. तेथें मोटारीला मज्जाव आहे. विमानांच्या पट्ट्यांना मात्र १९८० च्या कायद्यानें अभय दिलें.

घरगुती विमानाला तेथील सरकार ‘प्रायोगिक’ या वर्गांत घालतें. त्याचा बहुतांश भाग हौशी माणसानें स्वतःच्या शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं बांधलेला असावा, ही मुख्य अट. पहिले कांहीं तास, बहुधा २५ किंवा ४०, ठराविक प्रदेशांतच चांचणीचें उड्डाण करावें लागतें व त्या काळांत हौसेनें कोणा उतारूला नेतां येत नाहीं. पुष्कळांना हा नियम जाचक वाटतो. पण डोंगरांत जाऊं इच्छिणाऱ्यास त्याहून मोलाचे तास नाहींत. कारखान्याच्या विमानाबरोबर अमुक उंचीवर, अमुक उष्णतेंत किती फूट जागा लागेल याचीं कोष्टकें मिळतात. घरगुती विमानाचीं कोष्टकें त्याच्या धन्यालाच मोजून बनवावीं लागतात. एकाच आराखड्यावरून बांधलेलीं दोन विमानेंहि वजनांत सारखीं निघत नाहींत. शेजाऱ्याचे आंकडे उसने घेऊन भागत नाहीं.

या आंकड्यांवर काय अवलंबून असतें तें जॉन्सन क्रीक येथें दिसतें. यलो पाइन खेड्याजवळची ही गवताळ पट्टी सुमारें ३,४०० फूट लांब असून समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५,००० फूट उंच आहे. उन्हाळ्याच्या दुपारीं पारा ३० अंशांवर गेला कीं तेथील हवा ८,००० फूट उंचीवरील प्रमाण हवेइतकी विरळ होते. वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्यानें हा विरळपणा तो सांगत नाहीं. त्यावर ताशीं ६० मैल दिसत असतां विमान प्रत्यक्षांत ताशीं सुमारें ६८ मैलांनीं जात असतें. वाढ क्षुल्लक दिसते. परंतु थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणजे सव्वापटीहून अधिक होतें. उड्डाण तर याहून बिकट. साध्या इंजिनाची शक्ति पाऊणच उरते, पुढला पंखा कमी हवा मागें लोटतो, आणि विमानाला उचलण्यास मात्र जमिनीवर अधिक वेग लागतो.

म्हणून जाणते लोक पहांटेच्या गारव्यांत येतात व उन्हें तापण्यापूर्वीं निघतात. दुपारीं दरींतला वाराहि खवळतो. जॉन्सन क्रीकला बहुधा दक्षिणेकडे चढावर उतरतात व उत्तरेकडे उतारावर उडतात. चढ ब्रेकला मदत करतो आणि उतार वेगाला. वाऱ्यास सामोरें जावें हा सपाटीवरचा धडा येथें कित्येकदां मागें पडतो.

कांहीं पट्ट्यांपुढें तर डोंगरच उभा असतो. एका ठराविक जागेपलीकडे गेल्यावर वळण्यास दरी पुरत नाहीं व चढून निघण्यास इंजिन पुरत नाहीं. वेग, उंची, वारा, पट्टीवर जनावरें आहेत कीं काय, हें सर्व त्या जागेच्या अलीकडेच पाहून घ्यावें लागतें, आणि एकहि गोष्ट मनासारखी नसली तर तेथूनच फिरावें लागतें. ‘वेग जरा जास्त आहे, पण पुढें कमी होईल,’ एवढा विचार पुढल्या कड्यावर आदळण्यास पुरेसा असतो. गंमत अशी कीं, तीन-चार वर्षें खपून विमान बांधणाऱ्याला याच क्षणीं धीर धरणें सर्वांत अवघड जातें.

उतरल्यावरहि दगड आणि बिळें आहेतच. पुढचें बारीक चाक खड्ड्यांत अडकलें तर विमान उलथूं शकतें, म्हणून पुष्कळजण शेपटीला चाक असलेली घडण व रुंद टायर पसंत करतात. रात्रीं पंखाखालीं तंबू ठोकला जातो. सकाळीं निघतांना उष्मा वाढलेला असेल, तर सावध वैमानिक तंबू, पेटी व अंथरुणें मागें ठेवून आधीं सोबत्याला मोठ्या धावपट्टीवर पोंचवितो आणि मग रिकाम्या विमानानें सामानासाठीं परत येतो.