पणनच्या तक्त्यातला दर मोबाईलवर कसा काढायचा?

मालवण : हापूसच्या पेट्या वाशीला जातात, काही दिवसांनी पट्टी हातात येते. दर बरोबर लागला का हे बघायला बागायतदार राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे बाजारभाव उघडतो. एका दिवसाचा दर डोळ्यांनी वाचता येतो. पण अख्ख्या एप्रिलचा वहीत उतरवायचा म्हटलं तर एखादं शून्य हमखास गळतं.

यावर उपाय आहे. नाव जड, रेग्युलर एक्स्प्रेशन. काम मात्र साधं : कसला मजकूर हवा ते खुणांनी सांगायचं. [0-9] म्हणजे कुठलाही एक अंक. पुढे + लावला की एक किंवा लागोपाठ कितीही अंक.

तक्त्यात बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. कॉपी करून गुगल शीट्समध्ये टाकल्यावर कधी ते आपोआप वेगळे होतात, मग प्रश्नच नाही. पण मोबाईलवर पुष्कळदा सगळी ओळ एकाच खणात चिकटून येते. समजा अशी (आकडे नमुन्याचे) :

मुंबई - फ्रुट मार्केट --- क्विंटल 9500 20000 60000 40000

शेजारच्या खणात बरोबरचं चिन्ह देऊन रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट हे सूत्र इंग्रजी अक्षरांत टाईप करा. कंसात आधी त्या ओळीच्या खणाचा पत्ता, मग स्वल्पविराम, मग दुहेरी अवतरणचिन्हात खुणा.

फसगत होते ती इथेच. नुसतं [0-9]+ दिलं तर 9500 मिळतात, आणि ती तर आवक! सूत्र पहिला सापडलेला आकडा उचलून थांबतं. आपल्याला शेवटचा हवा, म्हणून [0-9]+$ असं लिहायचं. $ म्हणजे इथे ओळ संपली. आता 40000 येतात. ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली असेल तर मात्र सूत्र चूक दाखवतं, ती आधी पुसा.

दर 40,000 असा स्वल्पविराम देऊन लिहिलेला असला तर हाती नुसतं 000 लागेल. मग [0-9,]+$ वापरा. अंक देवनागरी असले तर [०-९] लिहावं लागतं, कारण संगणकाला ४ आणि 4 वेगळे. शिवाय निघालेला आकडा शीट्सच्या लेखी मजकूर असतो. बेरीज-सरासरी करायची तर त्याला १ ने गुणून घ्या.

पानामागचा कोड या खुणांनी फोडण्याच्या भानगडीत पडू नका. तक्त्यात दुसरा तक्ता आला की घोळ होतो, त्याला वेगळी साधनं आहेत.

आता पट्टीशी मेळ. खुणांनी आकडा आला, 'क्विंटल' मागे राहिलं. म्हणून परिमाणाचा रकाना नेहमी वाचा. क्विंटलला ४०,००० म्हणजे किलोला ४०० रुपये. तुमचं डझन ३ किलो भरत असेल तर डझनाला १,२०० रुपये. पेटीत पाच डझन असतील तर ६,००० रुपये. सर्वसाधारण दर सगळ्या प्रतींचा मिळून असतो, त्यामुळे बारीक फळाची पट्टी खाली आली म्हणून लगेच दलालाशी भांडायला जाऊ नये. पट्टीतून हमाली, गाडीभाडं वजा झालेलं असतं. ताडून बघायचा तो वजावटीआधीचा दर.