पुट्टीखालचा गंज

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही अनेक व्यापारी कुटुंबांची पहिली मोटार. तिचे उत्पादन थांबून दोन दशके लोटली. आता नातवंडे तीच गाडी हौसेने शोधून घेतात. मात्र लकाकत्या रंगाखाली पूर्वीच्या मालकाने केलेली कच्ची डागडुजी दडलेली असू शकते.

या गाडीला स्वतंत्र सांगाडा नाही. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या हाच तिचा कणा. कुजलेला भाग न कापता वरून ठिगळ लावले, पुट्टी भरली आणि रंग दिला, तर ओलावा आत कोंडून गंज वाढतच राहतो. गाडी देखणी दिसते. अपघातात माणसांना सांभाळण्याचे तिचे बळ मात्र घटलेले असते.

पारख अवघड नाही. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे जाड पुट्टी समजावी. पायांखालचे आच्छादन उचलून तळ पाहावा. फ्यूजच्या जागी जाड तार आढळल्यास ती तत्काळ काढावी. फ्यूज स्वतः वितळून वायरिंग वाचवतो, जाड तार वितळत नाही आणि वायरिंग पेट घेते.

दुरुस्तीत दारांच्या चौकटींना आधी आधार द्यावा, मग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. कामाची छायाचित्रे व बिले जपावीत आणि विक्रीच्या वेळी ग्राहकापुढे ठेवावीत. खोट सांगितल्याने भाव थोडा कमी येईल. परंतु झाकून विकलेल्या गाडीत उद्या कोणाचे तरी कुटुंब बसणार असते.