सतरंजीचे सात पट्टे

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, जिरू आणि मोहरी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आल्या. गिनी पिगच्या दोन माद्या, एकाच वेतातल्या. दुकानदारानं खोक्याला कात्रीनं भोकं पाडून दिली आणि सांगितलं, "घरात मोकळं सोडा, दोन दिवसांत रुळतील." त्या दोन दिवसांना आता वर्ष झालं.

आम्ही सोडलंही तसंच. दुसऱ्याच संध्याकाळी दोघींना उचलून हॉलच्या मधोमध ठेवलं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले. जिरू जिथल्या तिथं थिजली आणि मोहरी सोफ्याखाली जी शिरली ती दीड तास बाहेर येईना. शेवटी मी केरसुणीच्या मुठीनं डिवचून तिला काढलं. आज लिहितानाही लाज वाटते. पुढचे चार दिवस माझी नुसती चाहूल लागली तरी पिंजऱ्यात पळापळ.

हा दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, चौफेर नजर ठेवायला. वरून आलेला हात म्हणजे त्यांच्या लेखी घार. दक्षिण अमेरिकेतले त्यांचे रानटी भाऊबंद दाट गवतात वाटा पाडतात आणि त्या वाटांनीच ये-जा करतात. आम्ही ज्याला मोकळीक म्हणत होतो, ते त्यांच्यासाठी उघड्यावर पडणं होतं. गंमत म्हणजे अँडीज पर्वतातल्या लोकांनी ही जात हजारो वर्षांपासून पाळलेली, आणि तिथल्या खेड्यांत ती स्वयंपाकघराच्या जमिनीवरच चुलीच्या आसपास हिंडते. (खाण्यासाठी पाळतात, हे मुलीला अजून सांगितलेलं नाही.) म्हणजे वैर जमिनीशी नव्हतंच, आमच्या फरशीशी होतं.

मग माळ्यावरची जुनी सतरंजी निघाली, निळ्या-लाल पट्ट्यांची. ती भिंतीला लागून अंथरली. चपलांच्या दोन खोक्यांना दोन-दोन दारं कापली. दार एकच असलं की एक जण दुसरीला आत कोंडून धरते. सोफ्याखालची फट उशांनी बुजवली, चार्जरच्या वायरी वर बांधल्या, कारण दात जन्मभर वाढणारे आणि तोंड कायम चालू. उचलून ठेवणं बंद केलं. पिंजरा जमिनीवर, दार उघडं. यायचं तर या.

मुलीनं वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला : कोण कितव्या पट्ट्यापर्यंत. पहिले नऊ दिवस शून्य. दहाव्या दिवशी मोहरीचं नुसतं नाक. जुलै सरेपर्यंत दोघी भिंतीच्या कडेकडेनंच, पिंजरा ते खोकं आणि खोकं ते पिंजरा, एकीमागे एक. कुकरची शिट्टी झाली की संपलंच. शिट्टी विरून गेली तरी दोघी दगडासारख्या बसून.

कोंडी फोडली ती सासूबाईंनी, तीही नकळत. ऑगस्टमध्ये एकदा त्या सतरंजीच्या टोकाशी छोट्या स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. आम्ही तिघं एरवी पालथे पडून 'ये, ये' करत हात पुढे करायचो. त्यांचं लक्ष टीव्हीवरच्या मालिकेत. मोहरी चौथा पट्टा ओलांडून आली आणि त्यांच्या पायाशी पडलेला देठ ओढून खोक्यात पळाली.

"आई, हलू नका!" मी कुजबुजले.

"मी कुठं हलतेय? तुम्हीच डोळे लावून बसता. बघू नका गं तिच्याकडे."

तेव्हापासून संध्याकाळी घरातलं कुणीतरी जमिनीवर बसून आपलं काम करतं. मी शेंगा सोलते, मुलगी अभ्यास करते. आत नेतानाही पाठलाग नाही. पिंजऱ्यात ढोबळी मिरचीची फोड टाकली की दोघी आपणहून परत. माणसासारखंच त्यांच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा ही लाच त्यांच्या उपयोगाचीच.

दिवाळीत सगळं पाण्यात गेलं. फटाके सुरू झाले आणि तक्ता शून्यावर. आठ दिवस सतरंजी अंथरलीच नाही. जानेवारीत मात्र मोहरीनं पाचव्या पट्ट्यावर लाही फुटावी तशी जागच्या जागी उडी मारली, गर्रकन वळून आणखी एक. आनंद झाला की असं उडतात. उन्हाळ्यात वेळ बदलून सकाळी साडेसहाची केली. उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही.

मे संपता संपता मोहरी सातव्या पट्ट्यावर मागचे पाय ताणून कुशीवर पडली होती. शिट्टी झाली, तर नुसता कान हलला. जिरू अजून दुसऱ्या पट्ट्यापलीकडे गेलेली नाही. तिची कोथिंबीर आम्ही भिंतीपाशीच ठेवतो.

पाऊस लागायच्या आत म्हणून गेल्या रविवारी सतरंजी धुतली. वाळवून अंथरली, पिंजऱ्याचं दार उघडलं. दोघी दारात आल्या, साबणाच्या वासानं नाकं हलवली आणि मागं फिरल्या. मुलीनं वही काढून नवा तक्ता आखायला घेतला.